इंदूरचे कापसाचे शेत आणि बियाण्याची परीक्षा

इंदूरच्या कृषी महाविद्यालयाचा परिसर आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. कुणी तिथे शिकले, कुणाच्या घरातले वडीलधारे तिथे नोकरीला होते, आणि बाकीच्यांनी निदान सकाळच्या फेरफटक्यात तिथल्या झाडांची सावली घेतली आहे. या शेताची एक गोष्ट आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर लावून खत करण्याची जी ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, ती इथली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने आलेले महात्मा गांधी ही पद्धत पाहायला या शेतावर आले होते, हेही आपण सांगतो.

याच शेतावर त्यानंतरच्या काळात आणखी एक काम झाले. त्याची गोष्ट आपल्या बैठकीत फारशी निघत नाही, कारण ती आकड्यांची आहे. नवे बियाणे जुन्यापेक्षा खरोखर चांगले आहे की नाही, हे शेतात पारखायचे कसे, या प्रश्नाचे ते काम. देशभरातल्या कृषी विद्यापीठांत आज ज्या रीतीने वाणांच्या चाचण्या घेतल्या जातात, त्या रीतीची हिंदुस्थानातली पाळेमुळे शोधत गेलो तर त्यांतले एक जाड मूळ आपल्या इंदुरात निघते. त्या कामात पानसे, सुखात्मे, कळमकर, आपटे अशी आपल्या घरातली वाटावीत अशी नावे भेटतात. म्हणून या स्मरणिकेत हा विषय घेतला आहे.

संस्था इंदुरात कशी आली

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत इंदूर हे गिरण्यांचे गाव झाले. मालवा मिल, हुकुमचंद मिल ही नावे आज वस्त्यांची आणि चौकांची नावे म्हणून उरली आहेत, पण तेव्हा शहराचा दिवस त्यांच्या भोंग्यावर चाले. गिरण्यांना कापूस हवा होता, आणि माळव्यातल्या देशी कापसाचा धागा आखूड. लांब धाग्याचा, भरघोस येणारा कापूस शेतकऱ्याच्या हातात कसा द्यायचा, हा त्या वेळी पैशाचा प्रश्न होता. १९२१ साली स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी मिळून १९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी केली. जागा होळकर दरबाराने दिली, सुमारे ३०० एकर काळी जमीन.

पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी त्याआधी बिहारमधल्या पुसा इथे गव्हाचे वाण तयार केले होते. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ ही नावे त्या काळी प्रसिद्ध होती. गॅब्रिएल बाई स्वतः नाणावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९३० साली त्यांचे निधन झाले आणि १९३१ साली हॉवर्ड मायदेशी परतले. त्याच वर्षी खताविषयीचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. इंदूर पद्धतीचे श्रेय देताना वाडांचे नाव आपणच विसरतो, हे नमूद केलेले बरे.

जमीन एकसारखी नसते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवे बियाणे चांगले की जुने, यात अवघड ते काय? दोन वाफे करावेत, एकात जुने पेरावे, दुसऱ्यात नवे, आणि पीक निघाल्यावर तोलावे. शेतकऱ्याने हजारो वर्षे हेच केले आहे. पण शेतकऱ्यालाच विचारा, तो सांगेल की बांधाकडचा भाग निराळा, पाणी साचते तो निराळा, आणि जिथे पूर्वी गुरांचा गोठा होता तिथले पीक तर सगळ्यांत निराळे. नव्या बियाण्याच्या वाट्याला गोठ्याची जागा आली, तर जिंकले कोण, बियाणे की शेण?

हा फरक किती असतो, याची मोजदाद इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या प्रयोगशेतावर झाली. तिथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. १९१० च्या हंगामात मर्सर आणि हॉल या दोघांनी एक एकर गव्हाचे शेत घेतले. बियाणे एक, खत एक, मशागत एक. कापणीच्या वेळी त्या एकराचे ५०० सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचे धान्य वेगळे तोलले. सगळे तुकडे सारखे उतरायला हवे होते. प्रत्यक्षात सगळ्यांत हलक्या तुकड्यात २.७३ पौंड गहू निघाला आणि सगळ्यांत भारी तुकड्यात ५.१६ पौंड. म्हणजे काहीही फरक केलेला नसताना जवळजवळ दुप्पट फरक! यांपैकी कुठल्याही दोन तुकड्यांत दोन निरनिराळी बियाणी पेरली असती आणि त्यावरून निकाल दिला असता, तर तो निकाल जमिनीचा ठरला असता.

इथे चूक दोन बाजूंनी होते. वाईट बियाणे चांगले म्हणून जाहीर झाले, तर ते विश्वासाने पेरणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष बुडते. चांगले बियाणे वाईट म्हणून बाजूला पडले, तर त्याची तक्रार करायलाही कुणी उरत नाही, कारण काय गमावले ते कुणाला कळतच नाही. ज्याची सगळी पुंजी एका हंगामावर आहे, त्याच्यासाठी ही आकडेमोड पोटाची आहे.

तीन उपाय

१९१९ साली रॉनल्ड फिशर हे तरुण गणिती रॉथमस्टेडला नोकरीला आले. जुन्या नोंदींचे ढीग त्यांच्यापुढे होते. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांनी शेतातल्या प्रयोगाची सगळी घडीच बदलली. १९२५ साली त्यांचे संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक निघाले आणि १९३५ साली प्रयोगांच्या रचनेवरचे. त्यांच्या सांगण्याचा गाभा तीन उपायांत येतो.

पहिला उपाय पुनरावृत्तीचा. प्रत्येक वाण एकाच वाफ्यात न पेरता चार, पाच, सहा वाफ्यांत पेरायचा. एका वाफ्याचे नशीब चांगले असेल, सहाही वाफ्यांचे असणे कठीण. शिवाय एकाच वाणाचे सहा वाफे आपसांत किती वेगळे येतात, यावरून जमिनीच्या लहरीपणाचे माप मिळते.

दुसरा उपाय गट पाडण्याचा. सगळे शेत एकसारखे नसले तरी शेजारशेजारचे वाफे बरेचसे सारखे असतात. म्हणून शेताचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण एकेकदा पेरायचे. मग तुलना करायची ती एकाच पट्ट्यातल्या शेजाऱ्यांची. या पट्ट्याला इंग्रजीत ब्लॉक म्हणतात आणि आपल्याकडच्या कृषी पदवीधरांच्या तोंडीही तोच शब्द आहे.

तिसरा उपाय सोडतीचा. पट्ट्यात कुठला वाण कुठल्या वाफ्यात जाईल, हे प्रयोग करणाऱ्याने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे. उत्सवात मंडळाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी आपण एखाद्या लहान मुलाकडून काढून घेतो. मोठ्यांवर आपला अविश्वास असतो असे नाही, पण हात कुणाचाही असला तरी मनाचा कल त्यात उतरतो, आणि नंतर कुणी शंका घेतली तर उत्तर देता येत नाही. शेतातही तेच. वाण नेहमी एकाच क्रमाने लावले आणि शेताचा उतार एका बाजूला असला, तर एकाच वाणाला दर वेळी ओलीची बाजू मिळत राहते. सोडतीने ही पक्षपाताची वाट बंद होते.

सोडतीचा हा मुद्दा सगळ्यांना पटला नाही. विल्यम गॉसेट हे गिनेस या दारूच्या कारखान्यात काम करत आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा याची किल्ली त्यांनी १९०८ साली दिली होती आणि आयर्लंडमध्ये सातूच्या वाणांच्या चाचण्यांत त्यांनी बरीच वर्षे घालवली होती. त्यांचे म्हणणे असे की अनुभवी माणसाने विचारपूर्वक समतोल मांडणी केली तर ती सोडतीपेक्षा अचूक ठरते. फिशर यांचे उत्तर असे की मांडणी अचूक असेलही, पण ती किती अचूक आहे हे प्रामाणिकपणे मोजण्याचा मार्ग सोडतीवाचून उरत नाही. १९३७ साली गॉसेट वारले तोवर हा वाद मिटला नव्हता. दोघेही एकमेकांचा आदर करत, हे विशेष.

एक साधा हिशेब

या उपायांनी काय साधते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एक जुना वाण आणि एक नवा वाण आहे. शेताचे पाच पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात दोन्ही वाण एकेका वाफ्यात पेरले. जुन्या वाणाचे उत्पन्न किलोमध्ये असे आले: १०, १४, ९, १६, ११. नव्याचे त्याच क्रमाने: १२, १५, १२, १७, १४. जुन्याची सरासरी १२, नव्याची १४. फरक २ किलोंचा.

आता पट्टे विसरून जाऊ आणि नुसते दहा आकडे पाहू. जुना वाण ९ पासून १६ पर्यंत फिरतो, नवा १२ पासून १७ पर्यंत. एवढ्या पसाऱ्यात २ किलोंचा फरक सहज योगायोगाने येऊ शकतो. गणित केले तर वीस प्रयोगांत एकदा चुकण्याची तयारी ठेवूनही, निदान ३.७ किलो फरक असल्याशिवाय नवा वाण सरस म्हणता येत नाही. निकाल: काही सिद्ध झाले नाही.

आता तेच आकडे पट्ट्यापट्ट्याने पाहू. पहिल्या पट्ट्यात नवा २ किलोंनी पुढे, दुसऱ्यात १, तिसऱ्यात ३, चौथ्यात १, पाचव्यात ३. प्रत्येक पट्ट्यात नवाच पुढे. जो पसारा दिसत होता तो बहुतेक पट्ट्यापट्ट्यांमधल्या जमिनीचा होता आणि तो दोन्ही वाणांना सारखाच भोवला होता. तो बाजूला काढला की लागणारा किमान फरक १.२४ किलोंवर येतो. आपला फरक २ किलोंचा आहे. निकाल: नवा वाण सरस.

शेत तेच, धान्य तेच, तराजू तोच. बदलली ती फक्त पेरणीपूर्वीची आखणी आणि तिला धरून केलेला हिशेब. एकूण पसाऱ्यातला किती भाग पट्ट्यांचा, किती वाणांचा आणि किती निव्वळ योगायोगाचा, अशी फोड करण्याच्या या रीतीला कृषी महाविद्यालयांत ‘अनोव्हा’ म्हणतात, आणि त्या किमान फरकाला ‘क्रांतिक फरक’ किंवा नुसते ‘सी.डी.’. ज्यांच्या घरात कुणी कृषीची पदव्युत्तर पदवी घेतली असेल, त्यांनी प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्याखाली ही दोन अक्षरे पाहिली असतील.

इंदूरच्या काळ्या जमिनीत

हॉवर्ड गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९३३ साली, जोसेफ हचिन्सन हे आनुवंशशास्त्रज्ञ इंदूरच्या संस्थेत आले आणि १९३७ पर्यंत राहिले. कापसाच्या जातींवरचे त्यांचे काम पुढे जगन्मान्य झाले. इंदुरात त्यांचे सहकारी होते विनायक गोविंद पानसे. १९३५ साली या दोघांनी शेतातल्या प्रयोगांच्या तंत्रावर निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, कापसाच्या चाचणीत वाफ्याचा आकार केवढा असावा, आकृती कशी असावी आणि वाफ्यांची मांडणी कशी करावी.

वरवर पाहता हा किरकोळ तपशील वाटतो. पण रॉथमस्टेडचा गहू आणि माळव्याचा कापूस यांत पुष्कळ अंतर आहे. इथे पेरणी बैलांच्या औताने, म्हणजे वाफा इतका तरी लांब हवा की औत नीट चालेल आणि वळेल. कापूस एकदम कापून घेता येत नाही, बोंडे फुटतील तशी वेचणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि प्रत्येक वेचणीचे वजन वेगळे लिहावे लागते. दोन वाणांच्या कडा एकमेकींना लागल्या की उंच वाढणारा वाण शेजाऱ्याचे ऊन आणि पाणी खातो, म्हणून कडेच्या ओळी सोडून द्याव्या लागतात. वाफा फार लहान केला तर सगळा वाफा कडेचाच होतो. फार मोठा केला तर पट्टा इतका पसरतो की त्यातल्या त्यात जमीन बदलते आणि पट्टे पाडण्याचा फायदाच जातो. मजूर आणि जमीन तेवढीच असेल तर थोडे मोठे वाफे घ्यायचे की पुष्कळ लहान, याचे उत्तर विलायतेतून आणता येत नव्हते. ते इथल्याच मातीत मोजून काढावे लागणार होते.

ते काढण्याची रीत मर्सर-हॉल यांचीच. एकच वाण सगळ्या शेतात पेरायचा, कापणीला बारीक तुकड्यांत तोलायचा, आणि मग कागदावर शेजारचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून पाहायचे. दोन-दोन जोडले तर पसारा किती, चार-चार जोडले तर किती, उभे जोडले तर किती, आडवे जोडले तर किती. अशा अभ्यासांतून सर्वत्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. वाफा वाढवत नेला की अचूकपणा वाढतो, पण ज्या प्रमाणात जमीन खर्च होते त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे एका मर्यादेनंतर वाफा वाढवण्यापेक्षा पुनरावृत्ती वाढवणे फायद्याचे. पानसे यांनी १९४१ साली पट्ट्यांच्या आकारावर पुन्हा निबंध लिहिला. मधल्या काळात, १९३८ साली, हचिन्सन, पानसे, आपटे आणि प्यू यांचा मालवी ज्वारीवरचा अभ्यास निघाला. कापसासाठी उभारलेले तंत्र आपल्या रोजच्या भाकरीच्या धान्याला लावले गेले. नागपूरकडचे आर. जे. कळमकर यांनी त्याआधीच, १९३२ साली, रॉथमस्टेडला बटाट्याच्या वाफ्यांवर असाच अभ्यास केला होता.

हे सगळे हिशेब हाताने व्हायचे. फार तर दांडा फिरवायचे गणनयंत्र हाताशी असायचे. शेकडो वजनांचे वर्ग करायचे, बेरजा मारायच्या, पुन्हा तपासायच्या. एक चूक झाली की सगळा तक्ता पुन्हा.

हॉवर्ड यांचा आक्षेप

इथे इंदूरच्या गोष्टीत एक पेच आहे. ज्या शेतावर ही आकड्यांची परंपरा रुजली, त्याच शेताचे संस्थापक तिचे कडवे टीकाकार होते. १९४० साली निघालेल्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात हॉवर्ड यांनी लहान वाफ्यांच्या प्रयोगांवर आणि त्यांमागच्या संख्याशास्त्रावर कडक टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शेतकरी लहान वाफ्यात शेती करत नाही. शेत हे जनावरे, पिकांची फेरपालट, खत आणि माणसे यांचे एक कुटुंब असते. त्यातला एक तुकडा तोडून त्यावर कितीही चिठ्ठ्या टाकल्या तरी शेताचे आरोग्य त्यातून कळणार नाही. पायाच चुकला असेल तर वरचे गणित कितीही सुबक असले तरी उपयोगाचे नाही.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नव्हता, आजही नाही. जमिनीचा कस एका हंगामात दिसत नाही. एका वर्षी जिंकलेला वाण दुष्काळी वर्षी हरतो. प्रयोगशेतावर भरपूर खतपाण्यात पहिला आलेला वाण कोरडवाहू शेतकऱ्याच्या हलक्या जमिनीत शेवटचा येऊ शकतो. सरासरीचा आकडा या सगळ्यावर पांघरूण घालतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नुसत्या नजरेवर विसंबलो तर ज्याचा आवाज मोठा त्याचे बियाणे चांगले ठरते. आकड्यांची रीत साहेबाला आणि शिपायाला एकच न्याय लावते. पानसे आणि त्यांच्या पिढीने हॉवर्ड यांच्या आक्षेपाला शब्दांनी उत्तर दिल्याचे दिसत नाही. त्यांच्या शास्त्राने मात्र पुढच्या तीस वर्षांत आपल्या परीने उत्तर शोधले, आणि ते म्हणजे एकाच शेतावर विश्वास ठेवू नका, एकाच वर्षावर तर मुळीच नको.

दिल्ली, पटवारी आणि पिकाचा अंदाज

सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पानसे इंदुरात, सुखात्मे दिल्लीत. दोघांच्या कामाचा सांधा जुळला तो पिकांच्या अंदाजात.

तोवर पिकाचा अंदाज आणेवारीने व्हायचा. पटवारी किंवा तलाठी बांधावरून नजर टाकून पीक इतके आणे म्हणून लिहायचा, आणि त्यावरून सारा, सूट, दुष्काळ सगळे ठरायचे. त्या नजरेत काय काय मिसळत असे, ते खेड्याशी संबंध असलेल्या घरांना सांगायला नको. १९४० नंतरच्या दशकात नवी रीत आली. गावे सोडतीने निवडायची, गावातले शेत सोडतीने, शेतातला तुकडाही सोडतीने. मग तेवढा तुकडा कापून, मळून, तोलायचा. पानसे आणि कळमकर यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात कापसावर हे काम केले, सुखात्मे यांनी अन्नधान्यावर.

इथेही प्रश्न तुकड्याच्या आकाराचाच निघाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापत होते. लहान तुकडा लवकर होतो, म्हणून जास्त ठिकाणी कापता येतो, आणि त्यांची माणसे या कामासाठी खास शिकवलेली होती. सुखात्मे यांनी मोजून दाखवले की लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसते. कारण अगदी माणसासारखे आहे. दोरी एखाद्या झाडाच्या मुळाशी आली की ते आत धरावे की बाहेर, असा संभ्रम होतो, आणि कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत घेतो. तुकडा लहान असला की कडेची झाडे प्रमाणाने जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. तुकडा मोठा केला की तो ओसरतो. १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडले. या दोन थोर माणसांतला मतभेद बराच काळ चालला. गावोगावच्या साध्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचे, तर तुकडा पुरेसा मोठा हवा, ही सुखात्मे यांची बाजू सरकारी कामात टिकली.

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि दिल्लीत त्यांच्या जागी पानसे आले. १९५४ साली दोघांचे पुस्तक कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती, असा त्याचा साधा विषय. उदाहरणे आपल्या पिकांची, आपल्या प्रयोगशेतांवरची. गणित बेताचे, पायऱ्या सगळ्या दाखवलेल्या. ज्याला वरचे गणित येत नाही पण ज्याच्या हातात वही आणि तराजू आहे, त्याच्यासाठी ते लिहिलेले होते. त्याच्या आवृत्त्या पुढे निघत राहिल्या. आजही कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या शेवटी ‘पानसे आणि सुखात्मे’ ही जोडी हटकून सापडते. अनेक विद्यार्थ्यांना तर ते एकाच माणसाचे नाव वाटत असावे, इतकी ती जोडी एकजीव झाली आहे. १९५९ साली दिल्लीतल्या त्या विभागाला कृषी संशोधन सांख्यिकी संस्थेचे रूप मिळाले, तेव्हा त्याची धुरा पानसे यांच्याकडेच होती.

पुष्कळ वाण, पुष्कळ गावे

वाणांची संख्या वाढली तसा जुना पट्टा अपुरा पडू लागला. चार-सहा वाण एका पट्ट्यात मावतात. शंभर वाण असतील तर पट्टा इतका लांबतो की त्याच्या दोन टोकांच्या जमिनीत काही साम्य उरत नाही. रॉथमस्टेडचे फ्रँक येट्स यांनी १९३६ साली यावर तोड काढली. शंभर वाण कागदावर दहा ओळी आणि दहा स्तंभांत मांडायचे. पहिल्या वेळी प्रत्येक ओळीचा एक छोटा पट्टा करायचा, दुसऱ्या वेळी प्रत्येक स्तंभाचा. प्रत्येक वाण वेगवेगळ्या शेजाऱ्यांबरोबर स्पर्धेत उतरतो आणि त्या साखळीतून सगळ्यांची तुलना जुळवता येते. अशा अपुऱ्या पट्ट्यांच्या रचना बांधण्याचे गणित कलकत्त्याच्या राजचंद्र बोस यांनी १९३९ साली फार पुढे नेले. आज हजारो मैलांवरचे पैदासकारही त्यांच्या त्या कामावर उभे आहेत.

दुसरी वाढ गावांची आणि वर्षांची. १९५७ साली मक्यापासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाले. तोच संच, त्याच आखणीने, देशातल्या अनेक केंद्रांवर, अनेक वर्षे पेरायचा. मग एक नवाच प्रश्न दिसला. कुठल्या गावी कुठला वाण पहिला येतो, ते बदलत राहते. १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी सातूचे २७७ वाण तपासून नवा विचार मांडला. वाणाची सरासरी पाहाच, पण परिस्थिती सुधारली की तो किती झेप घेतो आणि बिघडली की किती कोसळतो, हेही मोजा. १९६६ साली एबरहार्ट आणि रसेल यांनी या मोजमापाला जी जोड दिली, ती आपल्या कृषी विद्यापीठांत घराघरातली झाली. सुपीक जमिनीवाल्याला झेप घेणारा वाण हवा असतो, कोरडवाहूला न कोसळणारा. हॉवर्ड यांच्या आक्षेपाचे हे निम्मे तरी उत्तर होते. उरलेल्या अर्ध्याला, म्हणजे जमिनीच्या आरोग्याला, अजून वर्षानुवर्षे चालणारे प्रयोगच हवेत, आणि ते फार थोड्या ठिकाणी टिकले आहेत.

आज याचे काय

हा इतिहास दूरचा वाटला तरी त्याचे धागे आजच्या घराघरात आहेत. माळव्यात कापसाची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे, आणि तिथला प्रत्येक नवा वाण पट्टे, पुनरावृत्ती आणि सोडत यांच्या चाळणीतून गेल्यावरच शेतकऱ्याच्या गाडीत पडतो. २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेत भरपाई ठरवण्यासाठी पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला गेला आहे. सोडतीने निवडलेल्या शेतात काही मीटर लांबी-रुंदीचा तुकडा आखला जातो, कापला जातो, तोलला जातो, आणि त्या वजनांवर संबंध परिसराची भरपाई अवलंबून राहत आली. आपल्यापैकी ज्यांची देवास, धार, उज्जैनकडे अजून शेती आहे, त्यांनी हे प्रयोग होताना जरूर हजर राहावे. तुकडा खरोखर सोडतीच्या आकड्याने निवडला का, की रस्त्याजवळचा सोयीचा घेतला? दोरी नीट ताणली का? कडेचे झाड आत धरले की बाहेर? हे प्रश्न विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. सुखात्मे यांनी ऐंशी वर्षांपूर्वी हेच विचारले होते.

आणि एक गोष्ट आपल्या शहराची. काही वर्षांपूर्वी कृषी महाविद्यालयाच्या जमिनीचा दुसऱ्या कामासाठी विचार सुरू झाला, तेव्हा विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. शहर वाढत वाढत शेताच्या कुंपणापर्यंत आले आहे, आणि शहराच्या मध्यावर एवढी मोकळी जमीन दिसली की तिचा ‘उपयोग’ करण्याची इच्छा होणे साहजिक आहे. पण प्रयोगाची जमीन ही रिकामी जमीन नसते. कुठल्या वाफ्यात कोणत्या साली काय पेरले, किती खत दिले, किती उतरले, याच्या नोंदी जितक्या जुन्या तितकी तिची किंमत वाढते. रॉथमस्टेडची शेते आज मोलाची आहेत, कारण १८४३ पासून कुणी ती मोडली नाहीत. हलवता येते ती इमारत. प्रयोगाचे शेत दुसरीकडे नेले की नोंदींचा धागा तुटतो आणि पहिल्या वर्षापासून मोजायला लागते.

होळकर दरबाराने ती जमीन दिली तेव्हा शंभर वर्षांनी तिथे काय असेल, याचा हिशेब कुणी केला नसेल. पण त्या जमिनीवर वाडांनी खताचे ढीग लावले आणि पानशांनी वाफे आखले. त्यांच्या कामाची ओळख आपल्या मुलांना करून द्यायची तर पुतळा उभारण्याची गरज नाही. एखाद्या रविवारी त्यांना त्या शेतावर न्यावे, पट्टे दाखवावेत, आणि हे वाफे असे उलटसुलट क्रमाने का पेरले आहेत ते त्यांनाच ओळखायला सांगावे.